आवाज चालेल, चेहरा नको

पप्पांनी अट घातली तेव्हा मी जेवायला बसले होते आणि माझा घसा पार बसला होता. आजारपणाने नाही. दिवसभर मैदानावर माइकमध्ये ओरडून बसला होता, आणि त्या घोगऱ्या आवाजाचा मला इतका अभिमान वाटत होता की मी मुद्दाम गरम पाणी पीत नव्हते. पप्पांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज चालंल. पण चेहरा दिसाया नको. कुठंच नको." मी जोरजोरात मान हलवली. त्या क्षणी त्यांनी सांगितलं असतं की पोत्यात बसून बोल, तरी मी पोतं शोधायला उठले असते. माझ्या हातात माइक आला होता, बाकी जगाचं जगाने बघून घ्यावं.

आमचं गाव हडपसरच्या पुढे. गाव म्हणायचं ते सवयीने. जिथे ऊस होता तिथे आता उंच इमारती आहेत, आणि जिथे आमचा गोठा होता तिथे पप्पांनी भाड्याच्या खोल्या बांधल्यात. त्यांत विदर्भातून कंपन्यांत कामाला आलेली मुलं राहतात. मी स्वतः एका आयटी पार्कमध्ये बिलांचं काम बघते, रोज स्कूटीवरून ट्रॅफिकला शिव्या घालत जाते. पण जत्रा आली की हे सगळं बाजूला पडतं आणि गाव पुन्हा गाव होतं. जत्रेतल्या कुस्त्या आता उरकून टाकतात. खरी गर्दी असते ती टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेला.

ही स्पर्धा ज्यांनी बघितली नाही त्यांना वाटेल, गल्लीतली पोरं खेळत असतील. अहो, चार बाजूंना कॅमेरे, डोक्यावर ड्रोन, मैदानाच्या कडेला भलामोठा एलईडी स्क्रीन आणि मोबाइलवर लाइव्ह! आखाती देशांत नोकरीला गेलेली आमची पोरं तिथल्या खोलीत बसून मॅच बघतात आणि खाली कमेंट टाकतात. समालोचक मानाने बोलावतात. मांडववाल्याने बांधलेल्या उंच स्टेजवर तो बसतो, आणि त्याचा आवाज लाइव्हवर जातोच, शिवाय विजेच्या खांबांना बांधलेल्या भोंग्यांतून घराघरात शिरतो. कुणाला नको असला तरी शिरतो. बायका मात्र मैदानावर जात नाहीत. तशी काही पाटी लावलेली नाही, पण जात नाहीत. त्या भोंग्यावर ऐकतात.

स्पर्धेचे अध्यक्ष माझे काका, पप्पांचे धाकटे भाऊ. काकांना क्रिकेट कळतं असं मी छातीठोक सांगणार नाही. फ्लेक्स मात्र कळतो. कुणाचा वाढदिवस असो, निवड असो, नवा जेसीबी असो, चौकात काकांचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. गॉगल, फेटा, मोबाइल कानाला, आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. त्या चौकात मी लहानाची मोठी झाले, पण फ्लेक्सवर बाई बघितली ती तीनच वेळा: ती वारली तेव्हा, तिचं लग्न झालं तेव्हा, किंवा तिचा नवरा निवडणुकीला उभा राहणार होता आणि तिने हळदीकुंकू ठेवलं होतं तेव्हा. एकटी, काहीतरी केलेली मुलगी तिथे कधीच टांगली गेली नव्हती.

समालोचन मी शिकले ते आईमुळे. आमच्या घरात क्रिकेटचं वेड पप्पांना नाही, आईला. पण मॅचची वेळ आणि भाकऱ्यांची वेळ एकच. टीव्ही हॉलमध्ये, आई स्वयंपाकघरात, मध्ये भिंत. आवाज मोठा केला तर पप्पांची झोपमोड, म्हणून टीव्ही मुका. मग आतून हाक यायची, "काय झालं गं?" आणि मी हॉलमधून सांगायची. सुरुवातीला नुसतं "चार!" "आउट!" एवढंच. त्यावर आईचं समाधान व्हायचं नाही. "आगं, पर गेला कुठनं?" मी म्हणायची, कव्हरमधून. "म्हंजी कुठनं?" आता हिला कव्हर कसं समजवायचं? मग मी आमच्या घराचंच मैदान केलं. उजव्या हाताच्या बॅट्समनला देवघर म्हणजे कव्हर, फ्रिज म्हणजे मिडविकेट, मोरी म्हणजे विकेटकीपरच्या मागची बाजू आणि दार म्हणजे सरळ बोलरच्या डोक्यावरून. "देवघराच्या अंगाने सणसणीत, दोन फिल्डर धावले, एकाने लोळण घेतली, नाही सापडला, चार!" आतून भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबायचा आणि मग दुप्पट जोराने सुरू व्हायचा. त्यावरून मला कळायचं की आईला चेंडू दिसला.

मॅचच्या आधी टीव्हीवर एक मुलगी यायची. सुंदर कपडे, सुंदर केस, हातात माइक. ती मोठमोठ्या खेळाडूंना प्रश्न विचारायची आणि हसायची. मला ती फार आवडायची. पण चेंडू पडायला लागला की ती जायची कुठे? इतकं सगळं बघून, विचारून, समजून घेऊन बाई नेमकी खेळ सुरू होताना गायब, आणि बोलायला पुरुष हजर. मी आईला विचारलंसुद्धा. आई म्हणाली, "तिला सैपाक असंल." आम्ही दोघी खूप हसलो होतो. आता टीव्हीवर चेंडूगणिक बोलणाऱ्या बायकाही आल्यात. त्यातली पहिली ऐकली त्या दिवशी मी सोफ्यावर उभी राहिले होते.

माइक मला मिळाला तो काकांच्या चार्जरमुळे. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी काका फोनचा चार्जर घरी विसरले आणि काकूने मला तो घेऊन मैदानावर पिटाळलं. तिथे बघते तर काकांचा चेहरा पांढराफटक. लाइव्ह सुरू झालेलं, दोन्ही टीम मैदानात, टॉस झालेला, आणि समालोचक सर स्वारगेटला अडकलेले. चॅनलचा कॅमेरावाला डोक्याला हात लावून म्हणत होता, "अध्यक्ष, आवाज नाहीये, पब्लिक शिव्या घालतंय." खरंच घालत होतं. मोबाइलवर कमेंट धडाधड पडत होत्या.

"काका, मी करू?" मी म्हणाले. आजही मला कळत नाही की माझ्या तोंडून ते इतक्या सहज कसं निघालं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू चार्जरच बोलला. मग मैदानाकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाले, "सर येईस्तोवर. अन् नीट बोल."

पहिल्या दोन चेंडूंना माझा आवाज थरथरला. तिसऱ्या चेंडूला बॅट्समनने गुडघा टेकून जो झाडू मारला, त्यानंतर मला काही आठवतच नाही. मी उभी होते, ओरडत होते, माइक तोंडाला इतका चिकटवला होता की भोंगे किंचाळत होते. "उचललाय, उचललाय, मिडविकेटच्या डोक्यावरून, फ्रिजच्या बाजूला गेलाय, सहा!"

मैदान गप्प झालं. मग असं हसलं की अंपायरला खेळ थांबवावा लागला. कमेंटमध्ये तर हाहाकार. 'फ्रिज कुठे ठेवलाय मैदानात?' 'ताई, कूलर कोणत्या बाजूला?' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्याच चेंडूला मी विचार केला, घराचं चालत नाही ना, मग गावाचं चालेल! आणि सुरू केलं. टाकीच्या बाजूला, कमानीच्या बाजूला, कॅनॉलच्या बाजूला, जुन्या पिंपळाखालून. भोंग्यावर ऐकणाऱ्या प्रत्येक घराला चेंडू दिसायला लागला, कारण टाकी आणि कमान कुठे आहे हे गावात शेंबड्या पोराला माहीत असतं. आखातातल्या पोरांनी लिहिलं, 'कमान ऐकून डोळ्यात पाणी आलं.' सर घामाघूम होऊन पोचले तेव्हा कुणीतरी मला खाली उतरायला सांगितलं. सर भले माणूस. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बसू द्या की तिला. आपण दोघं करू."

म्हणून ती रात्रीच्या जेवणातली अट. त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत होतं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि वारज्याच्या एका स्थळाशी बोलणं बरंच पुढे गेलं होतं. मुलगा आयटीत, स्वतःचा फ्लॅट, आई-वडील शिकलेले. पप्पांना ते फार मनापासून हवं होतं. लाइव्हखाली पोरींच्या चेहऱ्यावर काय काय कमेंट येतात ते त्यांनी कुठेतरी बघितलं होतं. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. रीलमध्ये नाचणारी पोरगी सगळ्यांना बघायची असते, पण आपल्या घरातली नको असते. म्हणून मांडववाल्याने स्टेजवर माझ्यापुढे मरून रंगाचा पडदा बांधला. एका फटीतून मला मैदान दिसायचं. कॅमेरा सरांवर फिरायचा आणि माझ्या जागी पडदा बोलायचा.

यामुळे झालं भलतंच. लोकांची उत्सुकता इतकी वाढली की मॅच राहिली बाजूला. 'पडद्यामागं कोण आहे?' 'बारीक आवाजाचा पोरगा आहे, पैज.' 'अरे ताई आहेत.' 'फेस दाखवा फेस.' कुणी म्हणे हे मशीनच बोलतंय, हल्ली असले आवाज मोबाइलवर तयार होतात. हे वाचून माझं डोकं फिरलं. मी मशीन? मग मी मुद्दाम मधेच शिंकले, सरांकडे पाणी मागितलं आणि एका फिल्डरला "अरे बूट बांध आधी" म्हणून झापलं. मशीनवाला गप्प बसला. त्या दिवसांत मी ऑफिसला दांडी मारली होती, बॉसचे फोन उचलत नव्हते, आणि आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते. हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, त्यात काही वाढवलेलं नाही.

मग शनिवार उजाडला. त्या दिवशी उपांत्य सामने आणि रविवारी फायनल. मी दूध आणायला चौकात गेले आणि दुधाची पिशवी हातातच राहिली. कमानीशेजारी, जिथे एरवी काका गॉगल लावून असतात तिथे, मी होते. दोन मजले उंच. जांभळी साडी, केसात गजरा, स्टुडिओतल्या प्लॅस्टिकच्या गुलाबांवर हात ठेवून हलकंसं लाजलेली. आणि गजऱ्यावरून, भांगावरून, कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेले भलेमोठे काळे हेडफोन. चेहरा इतका गोरा केला होता की माझ्या नाकाला कडाच राहिली नव्हती. वर लिहिलं होतं, 'गावाचा आवाज, गावाची शान.' आणि बाजूला चौकटीत ठळक अक्षरांत: जन्मतारीख. उंची पाच फूट तीन इंच. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. शिक्षण बी.कॉम. मामाचे गाव. आणि त्याखाली: 'अपेक्षा: सुशिक्षित, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचे घर.' आणि संपर्कासाठी पप्पांचा नंबर.

घडलं होतं ते असं. काकांनी शुक्रवारी पप्पांना फोन केला, "दादा, पोरीचा एक चांगला फोटो पाठव की, काम हाय." आता आमच्या घरात लग्नाच्या मुलीचा फोटो मागितला की त्याचा अर्थ एकच, कुठलंतरी स्थळ आलंय. पप्पांनी काही न विचारता फोटो पाठवला, आणि फोटोबरोबर बायोडेटाही, कारण तो कायम जोडीनेच जातो. आणि काकांच्या जगात फोटो मागायचा तो फ्लेक्ससाठीच, त्याला दुसरं काही कारण असू शकतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी आलेलं सगळं न बघता फ्लेक्सच्या दुकानाला पुढे ढकललं. फ्लेक्सवाल्या पोराला मी नंतर गाठलंच. तो म्हणाला, "ताई, प्लेअरचं प्रोफाइल असंच असतं ना? जन्मतारीख, उंची. मला वाटलं, अपेक्षा म्हणजे तुमची टीमकडून अपेक्षा." मी म्हटलं, टीमकडून मी पुण्यात स्वतःचं घर मागेन का? तर म्हणे, "मला जरा जास्तच वाटलं, पण अध्यक्षांच्या घरचं मॅटर होतं."

खरं सांगू? मी आधी घाबरले आणि मग मला हसू फुटलं. फ्लेक्सखाली उभी राहून, दुधाची पिशवी छातीशी धरून, मी एकटीच हसत सुटले. जो चेहरा पडद्यामागे झाकून ठेवला होता, तो माझ्या सख्ख्या काकांनी रस्त्यावरच्या प्रत्येक बसला, रिक्षाला आणि टेम्पोला दिसेल असा टांगला होता.

घरी कुणी हसलं नाही. पप्पांचा फोन वाजायला लागला होता. पहिला फोन आला तेव्हा मी दारातच होते. समोरचा माणूस काहीतरी विचारत होता आणि पप्पा अगदी सावरून बसले. "हां, तीच. माझी मुलगी. मुलगा काय करतो?" पलीकडे गोंधळ. "कुठला मुलगा? साहेब, आमच्याकडं पुढच्या महिन्यात स्पर्धा हाय. कॉमेंट्रीला त्या ताई येत्याल का?" पप्पांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. दुपारपर्यंत असे बरेच फोन आले. प्रत्येक वेळी पप्पा आधी मुलाचं शिक्षण विचारायचे, आणि प्रत्येक वेळी पलीकडे स्पर्धाच निघायची.

आणि मग वारज्याचा फोन आला. मुलाच्या आई होत्या. त्यांचा आवाज शांत, भाषा स्वच्छ. पप्पांनी स्पीकर लावला होता, त्यांना वाटलं चांगली बातमी असेल.

"अहो, फ्लेक्स बघितला आम्ही. फॉरवर्ड होऊन आला. छान मोठा आहे."

"ती भावाची जरा चूक झाली," पप्पा म्हणाले.

"असू दे हो. मुलगी हुशार आहे तुमची, प्रश्नच नाही. पण आम्हाला आपली घरात बोलणारी सून हवी होती. तुमची मुलगी गावाशी बोलते." आणि नमस्कार म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला त्या स्थळाचं काडीचं दुःख झालं नाही. उलट मनात मी टाळी वाजवली. पण पप्पांकडे बघितलं आणि माझी टाळी विरून गेली. ते फोन हातात घेऊन तसेच बसले होते, आणि अपमान झालेल्या माणसाला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं. माझा बाप कधी कुणापुढे वाकला नव्हता. माझ्यामुळे त्याने "चूक झाली" म्हटलं होतं, तेही जिथे चूक नव्हती तिथे. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

"पुरे झालं," पप्पा म्हणाले. "दुपारच्या म्याचला जायचं न्हाई. उद्याबी न्हाई. सर करत्याल."

मी भांडले. खूप भांडले. माझ्याकडे शब्दांची कमतरता कधीच नसते, आणि त्या दिवशी मी सगळे वापरले. तुम्ही फोटो पाठवला, तुमच्या भावाने लावला, आणि घरात मी बसायचं? दुपारचे सामने मी गच्चीवर बसून भोंग्यावर ऐकले. सर एकटेच होते. चांगलं बोलत होते बिचारे. पण कमानीचं नाव नाही, टाकीचं नाव नाही. नुसतं लाँग ऑन आणि लाँग ऑफ. हे मीच बोलायला हवं होतं, मीच, असं वाटून मला रडू कोसळलं. मला एरवी रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही, त्या दिवशी शेजारच्या भाडेकरू पोरांनी बघितलं आणि मला पर्वा नव्हती.

संध्याकाळी मी खाली आले तेव्हा स्वयंपाकघरात आई पिठात हात घालून उभी होती, आणि पप्पा चहा घ्यायला दारात आले होते.

"अवं," आई म्हणाली, "दुपारची म्याच कुनी जिंकली?"

"आपल्यांनी. भोंगा लागला होता की. आयकलं न्हाई व्हय?"

"आयकलं. कळलं न्हाई काय." आईने गोळा परातीत ठेवला. "त्या सरांचं बोलनं मला दिसत न्हाई. उद्या फायनल हाय. ती न्हाई गेली तर मला म्याच कुनी सांगायची?"

"आगं, लोकं काय म्हनत्याल?"

"लोकांनी सकाळपास्नं फोन करून सांगितलंच की तुमाला, काय म्हनत्यात ते. धा जनांनी तिला बोलावलं, एका बाईनं नाकारलं. तुमी एकीचंच आयकून बसलाय." पप्पा काही बोलायच्या आत तिने पुढचं टाकलं. "अन् चेहऱ्याचं म्हनाल, तर तो तुमच्या भावानं चौकात टांगलाय. आता झाकायचं काय ऱ्हायलंय? उद्या मीबी येनार हाय मैदानावर. भाकऱ्या सकाळीच करून ठेवते."

माझी आई मैदानावर येणार! पप्पांनी चहा तसाच ठेवला. मी आईला मिठी मारायला गेले तर तिने पिठाचे हात वर केले आणि म्हणाली, "लांब हो, नवा गाऊन हाय माझा."

रविवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. कॅनॉलच्या भिंतीवर माणसं, टाकीच्या जिन्यावर माणसं, पिंपळावरसुद्धा माणसं. पप्पा आईला गाडीवर मागे बसवून घेऊन आले. आख्ख्या मैदानात माझ्याशिवाय ती एकटी बाई. काकांनी धावत जाऊन स्टेजच्या समोर तिच्यासाठी पाहुण्यांची गादीची खुर्ची टाकली आणि तिच्या नजरेला नजर न देता पळाले. सकाळपासून ते पप्पांनाही चुकवत होते. मी पडद्यामागे माझ्या जागी जाऊन बसले. पप्पा स्टेजच्या पायऱ्या चढून वर आले. मला वाटलं, आता काय? त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मांडववाल्याला म्हणाले, "हे काढ. वारं अडतंय तिला." एवढंच बोलून खाली उतरले. वारा त्या दिवशी औषधालाही नव्हता.

पडदा सुटला आणि समोरचं सगळं मैदान एकदम माझ्यावर आलं. एलईडीवर मी दिसले. साधा कुर्ता, घामेजलेलं कपाळ, विस्कटलेले केस, आणि नाकाला कडा असलेला माझा चेहरा. मैदानातून जो आवाज उठला तो मला अजून ऐकू येतो. कुणीतरी ओरडलं, "निर्व्यसनी आहोत ताई!" आणि मी माइकवरूनच म्हटलं, "आधी कॅच धरायला शिका, मग बघू." त्यानंतर ते मैदान माझं झालं.

आणि काय मॅच झाली! आमचं गाव आणि कॅनॉलपलीकडचा संघ. शेवटची ओव्हर, शेवटचा चेंडू, त्यांना चार हव्यात. आमचा बोलर टाकीच्या बाजूने धावत आला. मी बसलेली नव्हतेच, मी खुर्चीवर चढले होते, माझ्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या, सर एका हाताने खुर्ची धरून. "आला, टाकला, यॉर्कर टाकायला गेला आणि पडला फुलटॉस! मारलाय, कमानीच्या दिशेने, उंच, उंच, खाली फिल्डर आहे, हात वर केलेत, गेला, हाताला लागून गेला, कमानीच्या पलीकडे गेला, सहा! सहा! काय मारलाय हो, काय मारलाय!"

आमचं गाव हरलं होतं. हे मला ओरडून झाल्यावर कळलं. आमचा बोलर मैदानात बसला होता आणि मी आनंदाने नाचत होते, सगळ्या गावाच्या देखत, लाइव्ह. काका डोक्याला हात लावून उभे होते. पण मी तरी काय करू? फटकाच तसा होता! मग हळूहळू आमचीच पोरं टाळ्या वाजवायला लागली, आधी त्या फटक्याला आणि मग मला, आणि कॅमेरा माझ्यावरून हटेचना. पप्पा स्पीकरच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांचा फोन खिशात वाजत होता आणि ते उचलत नव्हते.

मी स्टेजवरून उड्या मारत खाली आले आणि आईपाशी गेले. ती खुर्चीत तशीच बसलेली, पदर घट्ट धरून. माझा आवाज पार गेला होता, मी जवळजवळ कुजबुजले, "बघितलीस ना? शेवटचा सिक्सर बघितलास? फिल्डरच्या हाताला लागला तो!"

"न्हाई," आई म्हणाली.

"म्हणजे? समोर बसवलं होतं की तुला!"

"मी म्याच बघितलीच न्हाई," ती म्हणाली. तिने खरखरीत बोटांनी माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "तुज्याकडंच बघत हुते. इतकी वर्सं भिंतीपलीकडनं नुस्ता आवाज आला की गं मला. वरडताना तुजं त्वांड असं दिसतं, हे मला ठावंच नव्हतं."